दोन वाऱ्यांमधला पंधरवडा

सोमवारी सकाळी कारकुनाने येऊन सांगितलं, "बाई, तुम्ही भरल्याशिवाय कुणाचंच उघडत नाही," आणि ते ऐकून केमिस्ट बाई दचकली. गोष्ट एवढीशी होती. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात वर्षाच्या रजा आजवर कागदाच्या तक्त्यावर मांडल्या जायच्या. यंदापासून तो तक्ता कॉम्प्युटरवर गेला होता, आणि कॉम्प्युटरला मोठ्यांचा मान राखायची फार हौस. मोठे केमिस्ट गेल्या महिन्यात निवृत्त झाले, तेव्हा यादीत सगळ्यात वर आता तिचं नाव होतं. तिने महिना निवडला की दुसऱ्याचं खातं उघडणार, दुसऱ्याने निवडला की तिसऱ्याचं. तेवीस वर्षं तिने याच्या बरोबर उलट केलं होतं. तक्ता टेबलावर आला की तो न वाचता ती पुढे सरकवायची, "भरा तुम्ही, मी उरलेलं घेईन," आणि सगळे म्हणायचे, "बाईंचं बरं आहे, बाई मोकळ्या." मोकळ्या म्हणजे मूलबाळ नाही, शाळेच्या सुट्ट्या सांभाळायच्या नाहीत. मग फिरून फिरून तक्ता परत यायचा तेव्हा त्यावर कुठेतरी दोन-तीन दिवसांच्या चिंध्या शिल्लक असायच्या, एक फेब्रुवारीत, एक जुलैत, आणि पदरी पडलं पवित्र झालं म्हणून ती त्या चिंध्यांवर सही करायची. त्या दिवसांत ती घरातले डबे धुवायची, पडदे बदलायची. आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर बारा महिने होते, पांढरेफेक, एकाही चौकोनात कुणाचं नाव नाही, आणि बाणाचं टोक जानेवारीवर उभं राहून लुकलुकत होतं. "गुरुवार संध्याकाळपर्यंत," कारकून म्हणाला, आणि निघताना हळूच पुढे म्हणाला, "माझं डिसेंबरचं बघत होतो मी. आपलं सहज सांगितलं."

तिला कुठे जायचं होतं हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडे वाट पाहताना एका जुन्या मासिकात तिने एक फोटो पाहिला होता: उष्ण समुद्रातलं एक लहानसं बेट, किनाऱ्यापासून थोडी दूर एक होडी, आणि होडीखाली पाणीच नाही. होडी हवेत तरंगत होती नि तिची सावली खाली वाळूवर पडली होती. दुसरा कुणी म्हणाला असता, काय सुंदर. तिच्या मनात पहिला विचार आला तो गढूळपणाच्या आकड्याचा. एक? अर्धा? आपण इतकी तुरटी, इतका चुना, वाळूचे इतके थर आणि रात्रंदिवस इतकी माणसं राबवून जे पाणी शहराला पाठवतो त्याच्याहूनही हे नितळ, आणि हे कुणीच गाळलेलं नाही, कुणी त्याच्यामागे सकाळी सहाला उठलेलं नाही. तिला त्या पाण्याचा चक्क राग आला. मग राग उतरला आणि त्याच्या जागी लहानपणी शेजारच्या घरातल्या शिजत्या गोडाचा वास यावा तशी एक ओढ लागली. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा ती खुर्चीत आ वासून पडली होती आणि वरच्या दिव्यात तिला ती होडी दिसत होती. निवळशंख, हा शब्द तिने शाळेत असताना वहीत वाक्यात उपयोग करण्यासाठी लिहिला होता; तेवीस वर्षं पाण्याची नोकरी करूनही तो वापरण्याजोगं पाणी तिने बघितलं नव्हतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा निवृत्त भूगोल शिक्षक. पस्तीस वर्षं त्यांनी फळ्यावर वारे वाहवले, समुद्रप्रवाह फिरवले, पण स्वतः समुद्र पाहिला होता तो फक्त दोनदा, दोन्ही वेळा बसच्या खिडकीतून, आणि दोन्ही वेळा वळणांनी त्यांच्या पोटातलं ढवळून निघाल्यामुळे डोळे मिटून. बेट म्हटल्याबरोबर ते उठले, कपाटातून नकाशांचं पुस्तक काढलं, जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर बारा रकाने आखले आणि तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा असं सगळं भरायला बसले. चष्मा कपाळावर, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. लग्न झालं तेव्हाही ते असेच बसून घराचा आराखडा काढायचे. त्या घरातली एकही खिडकी पुढे आराखड्यातल्या जागी आली नाही. "डिसेंबर ते फेब्रुवारी," तासाभराने त्यांनी निकाल दिला, "कोरडी हवा, मंद वारा. कुठलंही पुस्तक उघड, हेच लिहिलंय."

"म्हणजे सगळं जग तेव्हाच तिथे असेल."

"मग मार्च."

"मार्चमध्ये इथे टाक्या धुवायच्या असतात."

"जून?"

"तुम्हीच लिहिलंय की, दिवसाला वीस मिलिमीटर."

"सप्टेंबर घे."

"सप्टेंबरात समुद्र खवळलेला. तळ ढवळतो, वाळू वर येते. मग बघायचं काय, आपल्या धरणासारखंच?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "अगं, तुला बेट बघायचंय की वर्षाला नावं ठेवायचीत?"

ती हसली, पण अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य तिला टोचत राहिलं. खरंच, तिला महिने निवडता येत नव्हते. चार बहिणींत ती थोरली. घरात कापडाचा गठ्ठा आला की आई म्हणायची, तू मोठी आहेस ना, आधी त्यांना घेऊ दे. आणि ती बाजूला बसून तीन हात कापडांवरून फिरताना बघायची, निळं गेलं, फुलांचं गेलं, मग उरायचा तो खाकी नाहीतर मातकट तुकडा आपल्याला फार आवडतो असं म्हणायला ती इतकी शिकली की शेवटी तिला मातकट रंग खरोखर आवडायला लागला. आवड अशी बनते का? की आपण तिला असं बनवलं? तिने कूस बदलली. म्हणे मातकट रंगाच्या आवडीतूनच ती गढूळ पाण्याच्या नोकरीत गेली, असा एक विनोद तिला सुचला, आणि नवऱ्याला उठवून सांगावासा वाटला. पण नवरा झोपेत ओठ हलवत होता, बहुधा आर्द्रता मोजत.

मंगळवारी केंद्रात पाऊल ठेवल्यापासून तिच्याभोवती माणसं घोटाळू लागली. फिल्टरवरचे दोघे आले, उगाच काचेतून पाणी पाहून गेले, जाता जाता म्हणाले, "मे महिन्यात तिकडे फार उकडतं म्हणे, बाई." साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर, ज्याने आजवर प्रयोगशाळेत पाय ठेवला नव्हता, तो वाडगाभर सोललेली संत्री घेऊन आला आणि ऑक्टोबर किती वाईट यावर बोलला. ती कुठे जाणार आहे हे तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. नवऱ्याने सकाळी नाक्यावर त्या बेटाच्या वाऱ्यांवर व्याख्यान दिलं असणार. सगळ्यांना आपापला महिना वाचवायचा होता आणि त्यासाठी प्रत्येकजण बेटावर त्या महिन्यात पाऊस पाडत होता, माशा सोडत होता, वादळ उठवत होता. दुपारपर्यंत त्या बिचाऱ्या बेटावर राहण्याजोगा एक दिवस उरला नाही. तिला त्याची मजा वाटली. माणसं आपल्यापाशी काहीतरी मागायला येतात, आपण हो किंवा नाही म्हणू शकतो, हे नवीन लुगडं नेसल्यासारखं थोडं कडक, थोडं कुरकुरणारं, पण चांगलं वाटत होतं.

एकट्या कप्तानाने काही मागितलं नाही. कप्तान म्हणजे पंपघरातला म्हातारा. तरुणपणी बारा वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनात होता म्हणून हे नाव. त्याने अर्धं जग पालथं घातलं होतं आणि त्यातलं सगळं जहाजाच्या पोटातल्या ताटाएवढ्या गोल खिडकीतून पाहिलं होतं. ती पंपघरात नमुना घ्यायला गेली तेव्हा तो कानातला कापूस काढत म्हणाला, "कुणाचं ऐकू नका. बेटाला ऋतू नसतो, बाई. वारा असतो."

"म्हणजे?"

"सहा महिने इकडून वाहतो, सहा महिने तिकडून. इकडचा असला की या बाजूचं पाणी ढवळतं, तिकडचा असला की त्या बाजूचं. पण एक वारा थांबतो नि दुसरा सुरू व्हायचा असतो ना, मध्ये काही दिवस मिळतात. दहा म्हणा, पंधरा म्हणा. तेव्हा समुद्र असा पडतो." त्याने तेलकट तळहात आडवा धरला. "उकाडा मरणाचा. एखादी सर येईल, जाईल. पुस्तकवाले त्याला चांगला मोसम म्हणणार नाहीत. पण खाली टाकलेलं नाणं दिसतं. आम्ही टाकून बघायचो."

"कधी येतात ते दिवस?"

"एप्रिलची अखेर," कप्तान म्हणाला. मग त्याला स्वतःलाच काहीतरी आठवलं, आणि तिच्याकडे बघून तो कापूस परत कानात घालू लागला.

एप्रिलची अखेर. ती नमुन्याची बाटली छातीशी धरून जिना चढली आणि मधल्या पायरीवर थांबली. एप्रिलच्या अखेरीस वरच्या डोंगरांत वळवाचे पाऊस पडतात, आणि कुठल्या तरी एका दिवशी, सांगून न येता, नदीतून पहिला लाल लोंढा धरणात उतरतो. गढूळपणाचा काटा दहावरून तीनशेवर जातो. तो उतरेपर्यंत तीन-चार दिवस तुरटीचं प्रमाण तासातासाला बदलावं लागतं, आणि ते काम तिचं होतं. तेवीसपैकी बावीस वर्षं त्या दिवसांत ती इथेच होती. राहिलेल्या एका वर्षी, नोकरीला नुकती लागली होती तेव्हा, धाकट्या बहिणीच्या लग्नाला दोन दिवस गेली, आणि नेमका त्याच दिवशी लोंढा आला. मोठ्या केमिस्टांचा अंदाज चुकला. शहराच्या नळांना सहा तास चहासारखं पाणी आलं. कुणाला काही झालं नाही, चौकशी झाली, मिटली. ती परत आली तेव्हा मोठे केमिस्ट खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. वळून न बघता ते म्हणाले होते, "तू असतीस तर हे झालं नसतं."

एवढंच वाक्य. त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी विसरून टाकलं असेल. पण तिने ते खडीसाखरेच्या खड्यासारखं गालात धरून ठेवलं, बावीस वर्षं, आणि ते विरघळलंच नाही. पायरीवर उभ्या उभ्या तिला आता वाटलं, ती शाबासकी होती की साखळी? त्या वाक्यानंतर एप्रिलमध्ये तिने कधी लग्न पाहिलं नाही, बारसं पाहिलं नाही, आईचं मूतखड्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये ठरलं तेव्हा तिने ते मेमध्ये ढकलायला लावलं, आणि आई हसून म्हणाली होती, "माझा खडा तुझ्या तुरटीच्या खड्याला घाबरून थांबलाय बघ." सगळे हसले होते. तीही. जिन्याच्या खिडकीतून फिल्टरचे मोठे चौकोनी हौद दिसत होते, त्यांवर ऊन पडलं होतं, एक पक्षी काठावरून चालत होता, आणि हे सगळं आपल्यावाचून अडेल ही कल्पना तिला त्या क्षणी फार भव्य वाटली आणि पाठोपाठ थोडी हास्यास्पदही, लहान मुलाने आपण डोळे मिटले की जग नाहीसं होतं असं समजावं तशी. आणि तरी तिला ती सोडवेना. हे अडलं नाही तर? लोंढा आला, गेला, नळांना स्वच्छ पाणी आलं आणि कुणालाच आपण नव्हतो हे कळलं नाही, तर? चहासारख्या पाण्यापेक्षा तिला त्या स्वच्छ पाण्याची जास्त भीती वाटली. वाटल्याबरोबर स्वतःची लाज वाटली. हातातली बाटली उगाच तिने हलवली; तिच्यात काहीच ढवळलं नाही, पाणी चांगलंच निवळलेलं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने धाकट्या केमिस्टला समोर बसवलं. ही मुलगी सहा वर्षांपूर्वी लागली. जलद बोलायची, जलद चालायची, काचपात्रं फोडायची, आणि तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीला सात वर्षांची मुलगी होती आणि तिला मेचा पहिला आठवडा हवा होता, हे सोमवारपासून तिच्या चेहऱ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

"समज," बाई म्हणाली, "समज हं, लोंढ्याच्या वेळी मी नसले."

"कुठे असाल?"

"कुठेही. नसले. तर तू काय करशील?"

चिमणीने डबा बंद केला. "बाई, रागवणार नसाल तर एक सांगू?"

"सांग."

"गेली दोन वर्षं मीच करतेय ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मागे उभ्या असता, सहाही काचपात्रांत पाती फिरत असतात, तुम्ही म्हणता तुरटी चाळीस टाक, मी चाळीस टाकते. पण मागच्या वर्षी तुम्ही फोनवर गेला होता तेव्हा मी पस्तीस केलं. आधी चुना घातला, मग पस्तीस. छान बसला गाळ. मग तुम्ही आलात, पाहिलंत, नि म्हणालात, बघ, चाळीस म्हटलं होतं ना मी." चिमणीचा आवाज बारीक होत गेला. "तुम्ही इतक्या खूश होतात. मग मी नाही बोलले."

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिला मागच्या वर्षीचा तो दिवस अगदी स्पष्ट आठवला: काचेच्या तळाशी बसलेला तो मऊ, लोकरीसारखा गाळ, वर आरशासारखं पाणी, आणि आपण आपल्याच अंदाजावर किती भाळलो होतो, घरी जाताना नवऱ्यासाठी पेरू घेतले होते. पेरू! तिच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं, आधी नाकातून, मग तोंडातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चिमणी घाबरून उठली, मग तीही हसायला लागली, आणि दारातून जाणाऱ्या कारकुनाला वाटलं की डिसेंबर आपल्या हातचा गेला.

"पस्तीस?" डोळे पुसत तिने विचारलं.

"पस्तीस."

"चुना किती?"

चिमणीने आकडा सांगितला. बाईने तो वहीत लिहून घेतला. मग म्हणाली, "तुझा मेचा आठवडा तुला मिळेल. तीन तारखेला सकाळी मी परत टेबलावर. पण तोवरचं सगळं तुझं, चुकलं तरी तुझं. मी फोन करणार नाही."

"मी केला तर?"

"तर मी पाण्यात असेन."

चिमणीने डब्याचं झाकण दोनदा उघडलं, लावलं. "बाई, एकटीने आकडा ठरवायचा म्हणजे हात कापेल हो."

"कापू दे. माझा अजून कापतो. म्हणून तर मागे उभी राहून मोठ्याने बोलते."

गुरुवारी तिने एकोणीस एप्रिल ते दोन मे असे चौकोन एकेक करून दाबले. चौकोन निळे झाले. तिला वाटलं, आता काहीतरी होईल. साहेब खाली येतील, म्हणतील, बाई, एप्रिलमध्ये? तुम्ही? त्यासाठी तिने वाक्यंही जुळवून ठेवली होती, त्यांत "तेवीस वर्षं" हे शब्द तीनदा येत होते. चौथ्या मिनिटाला पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, मंजूर. साहेबांनी वरच्या मजल्यावर चहा पिता पिता बोट दाबलं असणार. तिने खुर्ची मागे सरकवली, ती अक्षरं पुन्हा वाचली, आणि तिला राग यावा की नाचावं हे कळेना. इतकं सोपं होतं? मग इतकी वर्षं दार बंद धरून कोण उभं होतं? या प्रश्नाचं उत्तर तिला माहीत होतं, पण तेवढ्यात दुसऱ्या टेबलावर चिमणीचं खातं उघडल्याची टिंग वाजली, मग पंपघराचं, मग कुठून तरी कारकुनाची आरोळी ऐकू आली, "मिळाला! डिसेंबर मिळाला!", आणि सगळ्या इमारतीत शाळा सुटल्यासारखा गलका झाला.

एप्रिलमध्ये, प्रवासाच्या शेवटच्या टप्प्याला, होडीत, नवऱ्याने दोन तास डोळे मिटून तिचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बोटांत अंगठीचा वळ उमटला. बेट लहान होतं. सकाळच्या फेरीत सगळं पायाखालून जाई. उकाडा कप्तानाने सांगितला त्याहून जास्त होता. वारा नव्हताच. झाडांची पानं रंगवल्यासारखी स्थिर, दुपारी एक सर यायची, दहा मिनिटं पत्र्यावर ताशा वाजवून जायची, आणि मग पुन्हा घामाच्या धारा. खाणावळीतल्या बाईने हसून विचारलं होतं, "या दिवसांत कुणी येत नाही. तुम्ही कशा आलात?" नवऱ्याने त्यावर तिला वाऱ्यांची दिशा समजावून सांगितली, काटे आणि चमचे मांडून. पहिले चार दिवस ती पाण्यात उतरली नाही. किनाऱ्यावर बसून नुसती बघत राहिली. फोटोतल्यासारखं नव्हतं ते; फोटो खोटा होता, हे त्याच्याहून नितळ होतं. पण तिचं मन तिथे नव्हतं. मन डोंगरात होतं, ढग मोजत होतं. फोन पिशवीत तळाशी होता, टॉवेलखाली, आणि ती त्या पिशवीकडे झोपलेल्या तान्ह्या मुलाकडे बघावं तशी सारखी बघत होती.

पाचव्या दिवशी सकाळी दहाला तो वाजला.

"बाई," चिमणी धापा टाकत होती, "आलं! परवा आलं. तीनशे ऐंशी!"

"परवा?"

"हो. तुम्ही म्हणाला होतात पाण्यात असेन, म्हणून परवा फोन नाही केला. काल पण नाही. आज उतरलं, म्हणून सांगावंसं वाटलं. पहिल्या दिवशी चुकले मी, बाई. पस्तीसवर बसेना. माझा हात इतका कापत होता, कप्तान वर आला, शेजारी उभा राहिला. मग पंचेचाळीस केलं, मग बसला. नळाला शेवटपर्यंत स्वच्छ गेलं."

पंचेचाळीस. तिच्या ओठांवर आलं होतं, मी असते तर. ते तीन शब्द जिभेच्या टोकाशी येऊन उभे राहिले, ओळखीचे, गोड. तिला मोठ्या केमिस्टांची खिडकीपाशी उभी पाठ दिसली, आणि त्या पाठीचा अर्थ आज पहिल्यांदा कळला: माणूस घाबरला होता आणि त्याला तोंड दाखवायचं नव्हतं. तिने ते तीन शब्द गिळले.

"पंचेचाळीसचं तुला कसं सुचलं?" तिने विचारलं.

"पाणी बघून," चिमणी म्हणाली. "नुसतं बघून. लाल जास्त होतं."

"मलाही नसतं सुचलं," बाई म्हणाली. हे खरं आहे की खोटं, याचा तिने विचार केला नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग चिमणी नेहमीच्या वेगाने बोलू लागली: कारकुनाने पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, साहेबांना लोंढा आला होता हेच आज कळलं, आणि तिकडे पाणी कसं आहे?

"थांब, बघून सांगते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

नवरा लाकडी धक्क्याच्या टोकाशी उभा होता. धोतरासारखा गुंडाळलेला टॉवेल, डोक्यावर रुमाल, आणि खाली वाकून पाण्याकडे बघताना ओठांच्या कोपऱ्यात जीभ. धक्क्याखाली वाळूचा कण न् कण दिसत होता. एक निळा मासा स्वतःच्या सावलीच्या वरून सावकाश चालला होता. ती शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिला एकदम जाणवलं की सकाळपासून आपल्याला सडकून भूक लागली आहे, नुसती भूक नाही, पाय टाकायची, ओरडायची, काहीतरी मोडायची भूक.

"किती खोल असेल गं?" त्यांनी विचारलं. "तू पाण्यातली माणूस. सांग."

तिने पाहिलं. आयुष्यभर तिने खोली ओळखली होती ती पाण्याच्या रंगावरून, किती खाली गेल्यावर पट्टी दिसेनाशी होते त्यावरून. इथे दिसेनासं काहीच होत नव्हतं. तळ हात लांब केला तर लागेल असा वाटत होता, आणि माशाकडे बघितलं की फार दूर वाटत होता. गुडघाभर असेल. डोक्यावरून असेल. तिच्यापाशी आकडाच नव्हता.

"काही कळत नाही मला," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिला इतका आनंद झाला की तिने त्यांचा हात धरला.

"म्हणजे? अगं, थांब. आधी काठी घालून बघू. अगं माझा चष्मा—"

पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं, तिच्या गळ्यापर्यंत. दोघंही नाकातोंडात खारट पाणी जाऊन खोकत, थुंकत वर आले. रुमाल एकीकडे, टॉवेल दुसरीकडे चालला होता, आणि पस्तीस वर्षं फळ्यावर समुद्र शिकवलेला माणूस डोळे टक्क उघडे ठेवून पायाखाली बघत होता. चष्मा खाली वाळूवर पडलेला लख्ख दिसत होता, त्याच्या एका काचेवर तो निळा मासा येऊन थांबला होता.

"काढू का?" तिने विचारलं.

"राहू दे थोडा वेळ," नवरा म्हणाला. "वाचतोय तो."